आधी आठवण विचारतात, मग तीच विकतात

जुने बेंच व्हाइस जमवणारी माणसं खान्देशात फार नाहीत, पण आहेत. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, दोंडाईचा, सगळीकडे एखाद-दुसरा सापडतोच. या मंडळींना हेरून दोघं-तिघं जण पैसे उकळत आहेत. माझे साडेअठरा हजार त्यांनी नेले. पैसे कसे नेले ते सगळं लिहितो आहे, कारण हीच माणसं अजून फोन करत आहेत.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. बेंच व्हाइस म्हणजे फिटरच्या टेबलाला बोल्टांनी आवळलेली लोखंडी पकड. जॉब, म्हणजे ज्या तुकड्यावर काम करायचं तो, तिच्यात धरायचा आणि मग कानस, हॅक्सॉ, टॅप, जे काय चालवायचं ते चालवायचं. आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्या प्रत्येकाने सुरुवातीचे महिने तिच्यासमोर घाम गाळलेला असतो. आपल्याकडे जुने इंग्रजी व्हाइस अजून मिळतात याला कारण इथला कापूस आणि रेल्वे. गावोगावचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने, अमळनेर, चाळीसगाव, जळगाव, धुळ्याच्या कापडगिरण्या, भुसावळचं लोको शेड. जिथे यंत्रं तिथे दुरुस्तीचं खातं, आणि तिथल्या बाकावर इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा व्हाइस, क्वचित शिप्लीच्या पार्किन्सनचा. गिरण्या बंद पडल्या, यंत्रं किलोवर गेली, व्हाइस मात्र भंगारवाल्यांकडून गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, शेतातल्या शेडमध्ये जाऊन बसले. चांगल्या ओतिवाचा व्हाइस माणसाच्या दोन पिढ्या सहज पाहतो.

माझे वडील वाफेच्या इंजिनांच्या काळात भुसावळच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांच्या बाकावर रेकॉर्डचा तीन नंबर होता, चार इंची जबड्याचा. त्याच्या हँडलची एका टोकाची गुंडी तुटलेली होती आणि तिथे कोणीतरी साधा नट वेल्ड करून टाकला होता. पितळी कॉक धरायचा असला की ते जबड्यांवर तांब्याचे वाकवलेले पत्रे चढवायचे, दातांचे वण उठू नयेत म्हणून. बाकाशेजारी ताठ उभं राहून हात दुमडला की कोपर जबड्यावर टेकलं पाहिजे, तरच व्हाइसची उंची बरोबर, हे मला त्यांनी तिथेच शिकवलं. वडील गेले. त्या व्हाइसचं काय झालं हे शेडमधल्या जुन्या माणसांनाही ठाऊक नाही. तसा एखादा मिळावा म्हणून मी शोधात होतो, आणि हे मी कोणापासून लपवलेलं नव्हतं.

पहिला फोन आला तो वडीलधाऱ्या आवाजाच्या एका गृहस्थांचा. ‘मला सगळे नाना म्हणतात,’ असं सांगितलं. भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून माझा नंबर मिळाला, मीही व्हाइस जमवतो, म्हणाले. विकायचं काही नव्हतं, मागायचं काही नव्हतं. तुमच्याकडे काय काय आहे, कशाच्या शोधात आहात, आणि तोच का, एवढंच विचारत होते. वडिलांचं ऐकून गहिवरल्यासारखे झाले. हँडलचा नट उजवीकडे होता की डावीकडे, हेही विचारलं. आता तो प्रश्न आठवला की अंगावर काटा येतो. जमवणारा माणूस नंबर विचारतो, जबडा विचारतो, तडा आहे का विचारतो. दुसऱ्याच्या वडिलांच्या व्हाइसवरचा नट कुठल्या बाजूला होता हे त्याला कशाला हवं?

महिनाभराने दुसरा फोन. हा मुलगा तरुण, नंदुरबारकडचा, अहिराणी बोलणारा. ‘मना बापनी निशाणी शे, भाऊ,’ म्हणाला. त्याचे वडीलही भुसावळला होते, शेडमधलं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी एक व्हाइस घेतला, आता ते राहिले नाहीत, भंगारवाला किलोवर मागतो आहे आणि संध्याकाळी न्यायला येणार आहे. ‘पैसाना सवाल नही शे, वस्तू चांगला घरमा जावाले पाहिजे.’ मग फोटो आले. निळा रंग उडत आलेला, अंगावर रेकॉर्डचं नाव, बुडाशी ठोकलेली इंग्रजी अक्षरं, ‘सी. आर. भुसावळ १९४६’, आणि हँडलच्या उजव्या टोकाला वेल्ड केलेला नट.

नाना आणि हा मुलगा यांचा काही संबंध असेल अशी शंका येऊ नये, याचीच तयारी त्या महिनाभरात झालेली होती. निम्मे पैसे लगेच यूपीआयने, निम्मे बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर, असं ठरलं. बिल्टी खरी होती, माल खरंच निघाला होता. यातली खुबी अशी की काहीच न पाठवणारा ठग लगेच उघडा पडतो. इथे वजनदार लाकडी खोका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर येऊन पडतो, सही करून तो सोडवून आणावा लागतो, आणि खिळे उपटून आतली वस्तू बघेपर्यंत सगळे पैसे पोचलेले असतात.

खोका उघडल्यावर आधी नट पाहिला. काळ्या रंगाखाली वेल्डिंगचा खडा बोटाला लागला. पातळ छिन्नीने खरवडल्यावर खाली पांढराशुभ्र चकचकीत धातू निघाला, गंजाचा कण नाही. जुन्या वेल्डवर गंज रंगाच्या आतून बसलेला असतो. हा जोड फार तर काही आठवड्यांचा होता. म्हणजे माझ्या वडिलांच्या हँडलची नक्कल माझ्याच सांगण्यावरून बनवलेली होती. पैशांपेक्षा हे जास्त लागलं, आणि अजून लागतं.

मग अंग पाहिलं. माझ्या एका मित्राकडे तीन नंबरचा अस्सल रेकॉर्ड आहे. दोन्ही शेजारी ठेवले. अस्सलवर नावाची उठावाची अक्षरं कडेला धारदार आहेत. माझ्याकडच्यावर तीच अक्षरं फुगीर, कडा गोलावलेल्या, ‘ओ’ आणि ‘डी’ची पोटं बुजत आलेली. मित्राने व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणला आणि बुडाच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजलं. माझ्याकडचं कमी भरलं. अंगाची उंची कमी, जबड्याची रुंदीही कमी. ज्यांनी फाउंड्रीत काम केलंय त्यांना कारण लगेच कळेल. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवताना साधारण एक टक्का आकसतं, फुटामागे अंदाजे इंचाचा आठवा भाग. म्हणून वाळूत साचा उठवायला जो लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुना, लागतो, तो करणारा तेवढा वाढावा धरूनच बनवतो. पण कोणी तयार वस्तूच वाळूत दाबून तिचा साचा घेतला तर नवी वस्तू मूळ वस्तूपेक्षा एक टक्का लहानच निघते, आणि अक्षरांच्या कडाही वाळूत मरतात. अस्सल व्हाइस कुठूनतरी मिळवून त्याच्यावरून हा ओतला होता. रंग चढवून नंतर उडवलेला, आणि गंज बहुधा मिठाच्या पाण्याने आणलेला. तो नारिंगी, भुकटीसारखा होता, बोट फिरवलं की हाताला येणारा. खरा जुना गंज गडद तपकिरी असतो, धातूला घट्ट धरून बसतो, आणि जिथे हात लागतो तिथे तो घासून गुळगुळीत झालेला असतो. जबड्याच्या पट्ट्यांवर जुनी कानस फिरवली तर लगेच कीस पडला. अस्सल पट्ट्या पोलादी आणि कडक केलेल्या असतात, त्यांच्यावरून कानस नुसती घसरते.

शिक्क्याचा उलगडा केला तो आमच्याच गल्लीतल्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या आप्पांनी. त्यांनी चष्मा पुसून ती अक्षरं वाचली आणि म्हणाले, ‘अरे बाबा, १९४६ ला सी. आर. होती कुठे?’ सी. आर. म्हणजे सेंट्रल रेल्वे, आपली मध्य रेल्वे, आणि ती स्थापन झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला. त्याआधी भुसावळ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं होतं आणि त्या काळच्या सामानावर जी. आय. पी. असं मार्किंग असायचं. व्हाइसवरच्या तारखांबाबत एक गोष्ट इथेच सांगतो, कारण धुळ्याच्या एका गृहस्थांना याच टोळीने अमेरिकन विल्टन कंपनीचा ‘बुलेट’ नावाचा व्हाइस दाखवला होता. त्याच्या सरकत्या भागाखाली तारीख ठोकलेली असते आणि विकणारा ती बनवल्याची तारीख म्हणून सांगतो. पण बऱ्याच नगांवर ती पाच वर्षांच्या गॅरंटीची शेवटची तारीख असते, म्हणजे वस्तू तिच्याहून पाच वर्षं आधीची. ज्याला ‘आजोबांनी अमुक साली नवा घेतला’ असं सांगायचं असतं, त्याची गोष्ट अशा ठिकाणी अडकते.

पैसे परत मागायला फोन केला. मुलाने दोनदा ‘हो भाऊ, बघतो’ केलं. तिसऱ्यांदा आवाज बदलला. ‘तुमच्या घरात रेल्वेचा माल आहे. आरपीएफला कळवू का?’ असं शुद्ध मराठीत विचारलं. शिक्का ठोकण्यामागचं दुसरं कारण तेव्हा समजलं. शिक्क्याने किंमत वाढते आणि तक्रार करणाऱ्याचं तोंडही बंद होतं. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दलचा १९६६ चा कायदा आहे, तो कडक आहे, आणि सरळमार्गी माणूस त्याच्या नावानेच घाबरतो. दोंडाईचाचे एक निवृत्त शिक्षक याच धमकीमुळे गप्प बसले होते. त्यांना मिळालेला व्हाइस म्हणजे ‘सासऱ्यांच्या गिरणीतला’. त्यांच्या सासऱ्यांचं बोट त्या व्हाइसमध्ये चिरडलं होतं, हेही त्यांनी आधी एका ‘नानां’ना फोनवर सांगितलेलं होतं.

घाबरायचं कारण नाही. कालपरवा ओतलेली वस्तू रेल्वेची असूच शकत नाही. आणि खरोखर रेल्वेतून रीतसर निघालेली असती, तर ती रेल्वेच्या लिलावातून बाहेर आली असती आणि विकणाऱ्याकडे त्याचे कागद असते. म्हणून शिक्क्याची कोणतीही वस्तू घेताना कागद आधी मागा. जी. आय. पी., मध्य रेल्वे, आयुध कारखाना, काहीही असो. कागद नसतील तर शिक्का खरा असला तरी घेऊ नका, आणि खोटा असला तर प्रश्नच मिटला.

पोलीस ठाण्यात सुरुवातीला ‘हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, वस्तू तर मिळाली ना’ असं ऐकावं लागलं. व्हर्नियरची मापं, दोन्ही व्हाइसचे शेजारी-शेजारी फोटो, मध्य रेल्वेचं स्थापना वर्ष, धमकीचं रेकॉर्डिंग, एवढं एका फाइलमध्ये लावून नेल्यावर अर्ज घेतला. खोटं भासवून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, पूर्वी ज्याला आपण चारशेवीस म्हणायचो तोच. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर बँकेला ते गोठवता येतात. माझ्या बाबतीत खोका येईपर्यंतच इतके दिवस गेले की ते खातं रिकामं झालं होतं. शिवाय ते त्या मुलाच्या नावावर नव्हतंच, तिसऱ्याच कोणाच्या तरी होतं. पैसे पाठवताना समोर येणारं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. ‘मेहुण्याचं खातं आहे’ असं सांगतील.

शक्यतो वस्तू जागेवर जाऊन पाहा. नंदुरबार, शहादा, शिरपूर, काही लांब नाही, एसटीने जाऊन दिवसात परत येता येतं. हातोडीने हलकं टिचकवा, तडा नसलेल्या अंगाचा नाद लांबतो, तडा गेलेलं किंवा पुटी भरलेलं अंग बद्द वाजतं. लोहचुंबक सगळीकडे फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुटी आहे. तुटलेला जबडा पितळाने जोडला असेल तर रंग खरवडल्यावर पिवळी रेघ दिसते. जाणं जमत नसेल तर चालू व्हिडिओ कॉलवर हे सगळं करायला सांगा आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर तुमच्यासमोर मोजून घ्या. खरा मालक कुरकुरेल, पण करेल. त्या मुलाने ‘कॅमेरा खराब आहे’ म्हणत दरवेळी फोटोच पाठवले होते.

आणि तुमच्या वडिलांचं, आजोबांचं, सासऱ्यांचं जे काही त्या लोखंडात अडकलेलं असेल, ते अनोळखी माणसाला फोनवर सांगू नका. कंपनी, नंबर, जबड्याचं माप सांगा. हँडलचा नट, तुटलेला कोपरा, कोरलेलं नाव घरात ठेवा. तुम्ही ज्याचा उच्चार कुठेच केलेला नाही अशी खूण समोरच्या वस्तूवर निघाली, तर ती वस्तू विचार करण्यासारखी. तुम्ही सांगितलेली प्रत्येक खूण जशीच्या तशी हजर असेल, तर फोन ठेवा.

धुळ्याचे गृहस्थ आणि दोंडाईचाचे गुरुजी, दोघांनीही आता आपापल्या ठाण्यात अर्ज दिले आहेत. तिघांच्या बिल्ट्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा, पण खोक्याची फळी आणि त्यावरचं खडूचं अक्षर एकच आहे. असा खोका आणखी कोणाकडे आला असेल तर त्याच्या फळ्या जाळू नका, बिल्टी फाडू नका, फोटो काढून ठेवा आणि आपल्या जवळच्या ठाण्यात अर्ज द्या. एकट्याच्या अर्जाला ‘आपसातला व्यवहार’ म्हणता येतं. चार तालुक्यांतून एकाच अक्षराचे खोके पुढे आले तर तसं म्हणता येणार नाही.