यूएसबीएएसपी: चिप न काढता बोर्डावरच प्रोग्रॅम करण्यासाठी

शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचा किंवा भट्टीच्या टायमरचा बोर्ड दुरुस्तीला आला, की त्यावरची एटीमेगा चिप (एव्हीआर जातीचा मायक्रोकंट्रोलर) उपसायची गरज नसते. रीसेट खाली धरून मोसी (चिपकडे जाणारा डेटा), मिसो (चिपकडून येणारा डेटा), एससीके (त्यांचा क्लॉक) या तीन तारांवरून फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवणारी मेमरी, जागेवरच लिहिता येते. लॅपटॉपच्या यूएसबीला जोडायचा, काही शे रुपयांत मिळणारा यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर त्याला पुरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागात एव्हीआरचे बोर्ड हाताळणाऱ्याने तो जवळ ठेवावाच. मात्र काही गोष्टी आधी ठाऊक हव्यात.

पहिली गोष्ट जिवाची. स्वस्त स्टार्टर बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटर आणि झेनर लावून थेट २३० व्होल्टमधून ५ व्होल्ट काढलेले असतात. त्या बोर्डाचा ग्राउंड म्हणजे लाइनचीच एक वायर. लाइन चालू असताना प्रोग्रॅमर जोडला तर लॅपटॉप जातोच, माणसालाही शॉक बसतो. म्हणून लाइनच्या दोन्ही वायर सोडवायच्या, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करायचे आणि चिपला पुरवठा प्रोग्रॅमरच्याच ५ व्होल्टमधून द्यायचा.

बोर्डावर कनेक्टर नसेल तर २८ पायांच्या एटीमेगा ८ किंवा ३२८पी डिप चिपला थेट वायरी सोल्डर करा: रीसेट १, व्हीसीसी ७, ग्राउंड ८, मोसी १७, मिसो १८, एससीके १९. वायरी वीतभरच ठेवा. लांबी वाढली की व्हेरिफायच्या, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडण्याच्या, वेळी चुका येतात.

यानंतर चिप उत्तरच देत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा दोष वेगाचा असतो. कारखान्यातून आलेली ३२८पी १ मेगाहर्ट्झवर चालते आणि एससीके चिपच्या क्लॉकच्या चौथ्या हिश्शाहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, कमी हवा. यूएसबीएएसपीचा नेहमीचा वेग ३७५ किलोहर्ट्झ. एव्हीआरड्यूड या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये बी पर्यायाला (-B) १० दिले की तो सुमारे ९४ वर उतरतो. एससीके पीरियड सेट करता येत नाही असा संदेश आला तर प्रोग्रॅमरमधला फर्मवेअर जुना आहे आणि बी पर्यायाचा काही उपयोग होत नाही. मग प्रोग्रॅमरवरचा जेपी३ हा मंद वेगाचा जंपर जोडा. स्वस्त नकलांवर तिथे पिना नसतात, नुसती दोन भोकं असतात. वायरचा तुकडा सोल्डर केला की काम होतं. वेग फार मंदावतो, पण लिहिलं जातं.

वेग उतरवूनही चिप गप्प असेल तर त्या तीन तारांवर आणखी काय लटकलंय ते पाहा. एससीकेवर थेट ऑप्टोकपलर असेल तर सिग्नल दबतो. एसडी कार्डाची सिलेक्ट पिन मोकळी असेल तर कार्ड मिसो ओढून धरतं. तिथे १० किलोओहमचा पुल-अप द्या. नवा बोर्ड स्वतः काढत असाल तर या फांद्यांत १ किलोओहमचे रेझिस्टर आधीच घाला. प्रोग्रॅमिंग चालू असताना चिपच्या सगळ्या पिना मोकळ्या सुटतात, त्यामुळे मॉसफेटच्या गेटला पुल-डाऊन नसेल तर जोडलेली मोटर आपोआप फिरू शकते. लोड सोडवूनच बसा.

सर्वांत खटकणारा दोष प्रोग्रॅमरवरच्या व्होल्टेजच्या जंपरचा. अनेक नकलांत तो ३.३ वर ठेवला तरी फक्त पुरवठा बदलतो, सिग्नल ५ व्होल्टचेच राहतात. ३.३ व्होल्टच्या रेडिओ मॉड्यूलशेजारची चिप लिहिण्याआधी मल्टीमीटरने पाहाच.

चिप इरेज करण्याआधी फ्लॅश आणि ईईप्रॉम (सेटिंग साठवणारी वेगळी मेमरी) दोन्ही वाचून फाईल ठेवा. स्टार्टरच्या ओव्हरलोड, ड्राय रनच्या सेटिंग बहुधा ईईप्रॉममध्ये असतात आणि इरेजमध्ये त्याही पुसल्या जातात. ३२८पीचा हाय फ्यूज (फ्यूज म्हणजे चिप कशी चालावी ते ठरवणारी तिच्या आतली सेटिंग) डी९ ऐवजी डी१ केला तर त्या राहतात. कोड वाचू न देणारे लॉक बिट लावलेले असतील तर खरा कोड हाती येत नाही. नवी हेक्स फाईल (चिपमध्ये लिहायचा तयार प्रोग्रॅम) नसेल तर अशा बोर्डाला हात लावू नये.

फ्यूजमध्ये क्रिस्टल निवडला आणि बोर्डावर क्रिस्टलच नाही, अशी अडकलेली चिप ९ नंबरच्या पायाला बाहेरून १ मेगाहर्ट्झचा क्लॉक दिला की सुटते. रीसेटच बंद करून टाकलं असेल तर मात्र १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमर लागतो, यूएसबीएएसपी तिथे चालत नाही.