काराइंद्रू आधी ऐकावी की क्सेनाकिस?

हाजिदाकिस, थिओडोराकिस हे नावाजलेले ग्रीक संगीतकार ऐकून झाले, आता त्यापलीकडचं ग्रीक संगीत ऐकायचंय, असं कुणी म्हटलं की जाणकार हमखास एलेनी काराइंद्रू या संगीतकार बाईंचं नाव सुचवतात. यानिस क्सेनाकिस या आधुनिक रचनाकाराचं नाव मागाहून येतं, तेही ‘जरा जड आहे हं’ अशा इशाऱ्यासकट. दोघांचेही अल्बम माझ्या ऐकण्यात बरीच वर्षं आहेत. माझं मत या क्रमाच्या किंचित विरोधात आहे.

काराइंद्रूची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. थिओ अँजेलोपोलस या ग्रीक दिग्दर्शकाचे सिनेमे ज्यांनी पाहिलेत त्यांना तिच्याविषयी मी वेगळं काय सांगणार? १९८४ च्या ‘व्हॉयेज टू सिथेरा’पासून पुढच्या त्याच्या सगळ्या सिनेमांना तिचंच संगीत आहे. ‘युलिसिस गेझ’मधला किम कश्कशियानचा व्हायोला ऐका. धून अगदी थोडक्या सुरांची, पण गज इतका सावकाश फिरतो की एक सूर कुठे संपला आणि दुसरा कधी लागला ते कळत नाही. आवडायला कसलीही पूर्वतयारी लागत नाही.

माझी अडचण पुढे सुरू होते. हे संगीत प्रसंगांसाठी रचलेलं. पडद्यावरची गरज दोन मिनिटांची, तर तुकडाही दोन मिनिटांचा. ओबो हे फुंकवाद्य बोलू लागतं, आपण जरा सावरून बसतो, आणि तुकडा संपतो. थोड्या वेळाने तीच धून ॲकॉर्डियनवर, पुन्हा पहिल्यापासून. विलंबित ख्यालावर पोसलेल्या कानाला हे फार जाचतं. आता बढत होईल म्हणून सरसावून बसावं आणि गायकाने तानपुरा खाली ठेवावा, तसं. दोष बाईंचा नाही, सिनेमाच्या संगीताचा तो स्वभावच आहे. पण सिनेमा डोळ्यांपुढे नसताना नुसतं ऐकायला बसलं की प्रत्येक वेळी मी तिथेच अडतो. माझा निर्णय झाला तो खरं तर या एका गोष्टीवर.

यावर उतारा आहे. २००५ मध्ये अथेन्सच्या मेगारॉन सभागृहात झालेल्या मैफलीचा ‘एलेजी ऑफ द अपरूटिंग’ हा अल्बम घ्या. त्यात वाद्यवृंद आणि समूहगायन आहे, सिनेमा-नाटकांतल्या धुना एका सलग ओघात येतात. काराइंद्रूपासूनच सुरुवात करायची असेल तर मी हाच सुचवेन.

क्सेनाकिसची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते: डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्सच्या रस्त्यावरच्या लढाईत गेलेला डावा डोळा, पॅरिसला पलायन, मागे गैरहजेरीत झालेली मृत्युदंडाची शिक्षा, वास्तुकार ले कॉर्बुझिएकडची नोकरी. (त्या नोकरीत चंदीगडच्या कामालाही त्याचा हात लागला.) ग्रीसमधली लष्करी राजवट पडल्यावर १९७४ मध्ये तो पुन्हा तिथे जाऊ शकला. काराइंद्रूही त्या राजवटीची वर्षं पॅरिसमध्ये काढून त्याच साली परतली. एवढं एक साम्य सोडलं तर दोघांत काही जुळत नाही.

मात्र सुरुवात ‘मेटास्टासिस’पासून करू नका, सगळे तेच सांगत असले तरी. ६१ वादक, तंतुवाद्यं एकाच सुरावरून निघून आपापली मींड घेत पांगतात. सभागृहात अंगावर काटा येत असेल, माझ्या घरच्या स्पीकरवर त्याचा गोंगाट होतो. त्याऐवजी ‘प्साफा’ लावा. १९७५ ची रचना, एकच वादक, नुसती तालवाद्यं. लय बेतली आहे ती साफो या प्राचीन कवयित्रीच्या वृत्तांवरून, म्हणजे लघु-गुरूंचाच खेळ. लाकूड, कातडं, धातू एवढंच क्सेनाकिस सांगतो, नेमकी वाद्यं वादकाने निवडायची. त्यामुळे दोन वादकांची ‘प्साफा’ शेजारी ठेवून ऐकण्यात वेगळी मजा आहे. एकाकडे ठोका कोरडा लागतो, दुसऱ्याकडे घुमतो. मध्येच ठोके विरळ होतात, आघात झाला की नुसती शांतता, आणि पुढचा कधी पडणार याचा अंदाज बांधत आपण बसतो. तुकडा तुटत नाही, दहा-बारा मिनिटं वाढत जातो. मला हवी होती ती बढत इथे मिळाली.

तबल्याचे सोलो ऐकणाऱ्यांना हे जमेल असं मला वाटतं, फक्त समेची वाट पाहू नका, ती येत नाही. पॅरिसमध्ये क्सेनाकिस ज्याच्या वर्गाला बसायचा त्या मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराने देवगिरीच्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले देशी ताल आपल्या रचनांत वापरले होते. हार्मनी घोकत बसू नकोस, तुझं गणित आणि वास्तुकला संगीतात आण, हा सल्लाही त्याचाच. या धाग्यावरून क्सेनाकिसला आपल्याकडचा ठरवण्यात अर्थ नाही, पण ऐकताना परकं वाटत नाही हे खरं.

गैरसोयी त्याच्याकडेही आहेत. आवाज इतका खालीवर होतो की रात्री अकरानंतर लावायची सोय नाही, आणि घरातल्यांचा विरोध गृहीत धरावा. दिवसभराचा शीण घालवायला संगीत हवं असेल तर सरळ काराइंद्रूकडे जा, माझं ऐकू नका. बाकीच्यांनी ‘प्साफा’नंतर ‘रिबाँड्स’ घ्यावं. ‘पर्सेफासा’बद्दल मात्र इअरफोनवर ऐकून मत बनवू नका. श्रोत्यांना मध्ये बसवून सहा वादकांनी भोवतीने वाजवायची रचना ती, दोन कानांत मावत नाही.