गाडीबाहेर तपासलेले आरपीएम मीटर: बेळगावच्या एका दुकानाचा अनुभव

माझ्या कॉन्टेसा क्लासिकचे आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारे मीटर, वर्षभर खोटे बोलत होते. गाडी उभी असताना, इंजिन कानाला अगदी शांत लागत असूनही, काटा ११०० च्या आसपास असे आणि चोर्ला घाटात गिअर खाली घेतला की तो उड्या मारू लागे. निपाणीतील एका गॅरेजने डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) बदला म्हटले, दुसऱ्याने नवे मीटर शोधा म्हटले; मीटर बाहेर काढून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. ते काम शेवटी बेळगावात, उद्यमबागेकडच्या एका पाटी नसलेल्या दुकानात झाले.

दुकानातल्या काकांनी मीटर गाडीत असते तसेच उभे टेकवले, कारण आडवे ठेवले तर काट्याचा तोल बदलू शकतो. मागच्या एका टोकाला बारा व्होल्ट, दुसऱ्याला अर्थिंग, आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हची वायर जिथे येते त्या तिसऱ्या टोकाला छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून, रेझिस्टन्स लावून, घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० ठोक्यांचा, सिग्नल दिला. हिशेब सरळ आहे: चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, तेव्हा सेकंदाला ५० ठोके म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. तोच सप्लाय डायोडच्या ब्रिजमधून (तो विजेची उलटी अर्धी लाटही सुलटी करतो) काढला आणि पुढे लाटा सपाट करणारा कपॅसिटर लावला नाही, तर ठोके १०० होतात आणि काटा ३००० वर यायला हवा. सहा सिलिंडरच्या मीटरला हेच ५० ठोके १००० दाखवतात, हे न विचारता मीटर बिघडल्याचा निकाल देणारेही मी पाहिले आहेत.

माझा काटा १५०० ऐवजी १९०० वर थांबला. ३००० च्या खुणेला तो थरथरू लागला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने डब्यावर टकटक करताच एकदम शून्यावर पडला. आतल्या सर्किटवरील एका जोडाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर गेलेली होती. काकांनी ती भिंगातून मला दाखवली. जोड पुन्हा सोल्डर करून, प्रीसेट (काटा जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवून काटा दोन्ही खुणांवर आणल्यावर ते म्हणाले, “मीटर आता बरोबर हाय. गाडीत काटा नाचला तर कॉइलची वायर बघा की.” काटा नाचला नाही.

सातशे रुपये मला रास्त वाटले; पाच दिवस थांबावे लागले, ते मात्र नाही. तपासणीचे आकडे कागदावर लिहून मिळत नाहीत, आणि उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे मीटर कसे वागेल याची चाचणीही होत नाही.

मी असतानाच एकाने १९६० च्या दशकातले स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे मीटर आणले, ज्याच्या मागच्या वेढ्यातून इग्निशनचा प्रवाहच जावा लागतो. असा प्रवाह देण्याची सोय टेबलावर नाही, असे सांगून काकांनी ते न उघडताच परत केले.