एम.टीएच. झालं, पुढे ब्रिटन की अमेरिका?

समजा, एम.टीएच. म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी हातात आहे, आता मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या ख्रिस्तविचारावर पीएचडी करायची आहे आणि नंतर सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणसंस्थेत) शिकवायचंय. टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनबरोबर होते. त्या मिशनच्या मातृसंस्थेची कागदपत्रं हार्वर्डच्या होटन (Houghton) लायब्ररीत आहेत. एडिंबरा विद्यापीठात जागतिक ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचं केंद्र आहे. म्हणजे दोन्हीकडे जायला कारण आहे. फरक पद्धतीत आहे.

ब्रिटनमध्ये पहिल्या दिवसापासून प्रबंध. विषयाचा आराखडा अर्जासोबतच द्यावा लागतो. तीन-चार वर्षांत ८०,००० ते १,००,००० शब्द, आणि शेवटी दोन परीक्षकांसमोर व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. अमेरिकेत आधी दोनेक वर्षं वर्ग, जर्मन-फ्रेंच वाचनाच्या परीक्षा, मग ‘कॉम्प्स’ (विषयाच्या सर्वंकष परीक्षा), आणि त्यानंतर कुठे प्रबंध. पाच ते सात वर्षं धरून चाला.

पैशाचं गणित उलटं. मोठी अमेरिकन विद्यापीठं फी माफ करून वर स्टायपेंड देतात. जागा मात्र मोजक्या. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याची फी जबर असते. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून निघू नका.

मी पीएचडी ब्रिटनमध्ये केली. चार वर्षं एकाच प्रश्नात बुडालो आणि परतल्यावर हाती आला बी.डी.चा (धर्मशास्त्राच्या पहिल्या पदवीचा) वर्ग: प्राचीन ऑगस्टीनपासून विसाव्या शतकातल्या बार्थपर्यंत सगळे धर्मशास्त्रज्ञ. पहिल्याच आठवड्यात ‘जस्टिफिकेशन’वर वीस मिनिटं बोललो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हे मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या लोकांना, मराठीतून कसं सांगायचं?” ‘नीतिमान ठरणं’ हे बायबलमधल्या रोमकरांस पत्रातले, त्याच अर्थाचे शब्द लहानपणापासून कानावरचे, पण त्या क्षणी आठवेनात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शिकवणी-साहाय्यक म्हणून वर्गापुढे उभं राहावं लागतं, कॉम्प्ससाठी आपल्या विषयाबाहेरचंही वाचावं लागतं. तिथेही मराठी कोणी शिकवणार नाही, पण वर्गाची भीती तरी मोडते.

तिसरी वाट बहुतेक जण उगाच शेवटी ठेवतात: सेरामपूर कॉलेजची डी.टीएच., म्हणजे धर्मशास्त्रातली डॉक्टरेट. (बंगालमधलं सेरामपूर, आपलं श्रीरामपूर नव्हे.) पदवी देण्याचा अधिकार या कॉलेजला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं मिळाला. खर्च परदेशाच्या मानानं किरकोळ, आणि सेरामपूरशी संलग्न कॉलेजं बंगालबाहेरही असल्यानं टिळकांची पदं गाणाऱ्या मंडळ्या एका एसटीच्या अंतरावर.

आराखडा पक्का आणि शिष्यवृत्ती हातात असेल तर ब्रिटन. विषय अजून चाचपडत असाल तर अमेरिका. शिकवणं मराठी मंडळींसाठीच असेल, तर मी आज सेरामपूरचा अर्ज आधी भरला असता.