क्रॅनबेरी म्हणून साडेतीनशेला विकलेलं करवंद

केळीचा भाव पडला, त्यात पानांवर करपा रोग, म्हणून आमच्या थोरल्या भावाने बांधालगतच्या तुकड्यात ‘क्रॅनबेरी’ लावली. आम्ही शिरपूर तालुक्यातले. गावात मीटिंग घ्यायला आलेला माणूस बोलण्यात तयार होता. लालभडक फळांनी भरलेल्या तळ्यांचे अमेरिकेतले व्हिडिओ, फळ परत विकत घेण्याचा स्टॅम्पपेपरवरचा करार, रोप साडेतीनशे रुपयांना. सोबत ‘इम्पोर्टेड पीट’च्या, म्हणजे दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीच्या, पिशव्या घ्यायची सक्ती, त्यांचे पैसे वेगळे.

व्हिडिओ खरे होते. विस्कॉन्सिन, मॅसॅच्युसेट्सकडे क्रॅनबेरी अशीच होते. जमिनीवर पसरणारं बुटकं, सदाहरित झुडूप, पान नखापेक्षा लहान, थंडीत ते गळत नाही, नुसतं तांबूस होतं. त्याला दलदलीची आंबट जमीन लागते, सामू (pH, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) ४ ते ५.५. मुळं अगदी वरवर, त्यामुळे ओल गेली की झाड गेलं. तळी दिसतात ती काढणीपुरती: वाफ्यात पाणी सोडतात आणि आत हवेचे कप्पे असल्याने फळं वर तरंगतात. एरवी वाढीच्या दिवसांत पाणी साचलेलं चालत नाही. फुलकळीसाठी हिवाळाभर कडक थंडी हवी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, काळ्या मातीचा सामू आठाच्या घरात, बोअरचं पाणी क्षारांचं. अशा जमिनीत या झुडपाला लोह उचलता येत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. गंधक टाकून सामू उतरवतात हे खरं, पण चुनखडीच्या रानात ते गंधक किती पुरणार? मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा, बुडबुडे आले म्हणजे चुनखडी आहे, हा नाद सोडा.

विकणारा काय सांगत होता? ‘पाणी बेताचं द्या, ऊन कितीही चालतं, थोडे काटे येतील.’ दलदलीतल्या झुडपाला बेताचं पाणी!

रोपं मात्र झकास वाढली. निंदणी चालू असताना शेजारचे आबा बांधावर आले, एक पान खुडलं, बोटावर पांढरा चीक आला. म्हणाले, ‘‘भाऊ, हाई ते करवंद शे ना!’’ आणि आमच्याच तालुक्यात करवंद नावाचं धरण आहे, आता बोला.

फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. करवंदाचं पान मोठं, चकचकीत, समोरासमोर, तोडलं की चीक, फांदीला टणक काटे. क्रॅनबेरीला चीक नाही आणि काटाही नाही. ‘पीट’ची पिशवी बादलीत ओतली तर नारळाच्या काथ्याचे तंतू वर आले, म्हणजे साधं कोकोपीट. करवंदाचं रोप नर्सरीत याच्या पाव किमतीतही मिळतं.

फोन केल्यावर उत्तर मिळालं, ‘‘दादा, बिल वाचा.’’ बिलात क्रॅनबेरीपुढे बारीक अक्षरात ‘कॅरिसा’ छापलेलं. कॅरिसा म्हणजे करवंदच. बाजारात त्याला ‘इंडियन क्रॅनबेरी’ म्हणतात, पाकात मुरवून केकवर चेरी म्हणून लावतात, त्यामुळे उद्या कोर्टात तो सहज हात झटकेल. करारातही ‘निर्यातीच्या प्रतीचे फळ’ एवढीच अट, आणि प्रत ठरवणार तो.

रोप बाहेरदेशचं आहे असं कोणी सांगितलं तर आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला मागा. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे दोन्ही लागतात. नर्सरीचा परवाना तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाऊन पडताळा, त्याच्या मोबाइलवरचा फोटो बघून नाही. पैसे गेलेच असतील तर बिल, करार आणि रोपाचे फोटो घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि पोटासाठी शेती करणाराही ग्राहकच धरतात. आमची तक्रार तिथेच आहे.

हाच माणूस आता चोपड्याकडे ब्लूबेरी घेऊन फिरतोय, असं कानावर आलंय. तिलाही आंबटच माती लागते.