चौदा महिने जीटी-४, नऊ महिने जीटीएस: रस्त्यावर चालवायला कुठली?

आधी हिशेब सांगते. पोर्शे ७१८ केमन जीटी-४ माझ्याकडे चौदा महिने होती. सेकंड हँड घेतली होती, २०२० ची. तेवढ्या काळात ती सात हजार मैलांच्या थोडी आतच चालली. ती विकून केमन जीटीएस ४.० घेतली, तिला आता नऊ महिने झालेत आणि काटा सहा हजार दोनशे मैल पुढे गेलाय. दोन्ही मॅन्युअल, सहा गिअरच्या. मी इंग्लंडात शेफील्डला राहते, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. ट्रॅकवर वर्षातून एक-दोनदा जाते, बाकी सगळी हौस शेजारच्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरी रस्त्यांवर. स्नेक पास, होम मॉस, स्ट्राइन्सचा तो अरुंद, मेंढ्यांनी भरलेला रस्ता.

हे लिहायला बसले ते पुण्याच्या भाच्यामुळे. त्याचा मेसेज आला, "मावशी, ट्रॅकवाली घेण्यात अर्थ आहे का, की साधीच बरी?" ट्रॅकवाली म्हणजे जीटी-४, साधी म्हणजे जीटीएस. चारशे हॉर्सपॉवरच्या गाडीला साधी म्हणायचं धाडस एकविसाव्या वर्षीच होतं. पण प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर मला फुकट मिळालेलं नाही.

इंजिन दोन्हींत जवळपास तेच. ३,९९५ सीसी, सहा सिलिंडर आडवे, टर्बो नाही. जीटी-४ मध्ये ४२० हॉर्सपॉवर आणि कमाल ८,००० आरपीएम. जीटीएसमध्ये ४०० आणि ७,८००. टॉर्क दोन्हींत ४२० न्यूटन मीटर. शून्य ते शंभर ४.४ सेकंद आणि ४.५ सेकंद. हा फरक ज्याला चालवताना जाणवतो त्याला माझा नमस्कार. गिअरबॉक्सचे रेशोही तेच. म्हणजे नव्या किमतीत जे दहा-अकरा हजार पौंड जास्त होते (इथे २०१९ मध्ये जीटी-४ साधारण ७५ हजारांना आली, जीटीएस २०२० मध्ये ६४ हजारांना), ते इंजिनाचे नव्हेत. ते पोर्शेच्याच ९११ जीटी-३ वरून घेतलेल्या पुढच्या सस्पेन्शनचे, मागच्या मोठ्या पंखाचे, गाडीखालून हवा ओढून तिला रस्त्याला धरणाऱ्या डिफ्यूझरचे, ३८० मिलिमीटरच्या ब्रेक डिस्कचे आणि ट्रॅकसाठी बनवलेल्या मिशेलिन कप-२ टायरचे. साध्या ७१८ पेक्षा जीटी-४ तीस मिलिमीटर खाली बसते, जीटीएस वीस.

त्या दहा मिलिमीटरवर मी शोरूममध्ये हसले होते. आमच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमधल्या पहिल्या स्पीडब्रेकरने हसू बंद केलं. पुढचा ओठ खर्रर्र करून घासला आणि शेजारून चाललेल्या पोर्टरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पेशंटला पाडलाय. नंतर मी तिरकी चढवायला शिकले, आधी एक चाक, मग दुसरं. ट्रॅकची गाडी मुंगीच्या पावलांनी.

पण जीटी-४ ला नावं ठेवायच्या आधी तिचं देणं देऊन टाकते. जूनमधला एक रविवार, सकाळी साडेपाच, होम मॉसचा चढ. रस्ता कोरडा, डांबर त्या पट्ट्यात गुळगुळीत, वर टेकडीवर रेडिओचा मनोरा धुक्यातून अर्धा बाहेर. तिसऱ्या गिअरमध्ये एका लांब डाव्या वळणात स्टिअरिंग जरासं वळवलं आणि पुढचं टोक इतकं तत्काळ, इतकं नेमकं आत आलं की मी पुढच्या वळणाला मुद्दाम उशीर करून पाहिलं. तरी आलं. रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा तळहाताला कळत होता. जीटीएसचं स्टिअरिंग छान आहे, पण ते एवढं बोलत नाही. अशा सकाळी मला चौदा महिन्यांत किती मिळाल्या? मोजल्या तर पाच-सहा.

बाकीचे दिवस स्ट्राइन्ससारख्या रस्त्यांचे. ठिगळं, उतारावर अचानक खोलगट भाग, गुरं अडवायच्या लोखंडी जाळ्या, कडेला फुटलेलं डांबर. तिथे जीटी-४ चालत नाही, ती टणटण उडते. रुंद पुढचे टायर प्रत्येक चरीमागे ओढ घेतात, चाकाच्या कमानीत खडी ताशा वाजवते. ताशी चाळीस मैलांना तुम्ही गाडीशी झटताय आणि गाडी मात्र अर्धवट झोपेत. याचं कारण सरळ आहे. तिच्या स्प्रिंगा ट्रॅकवरच्या वेगासाठी कडक केल्यात. तिथे शंभर मैलांच्या वळणात गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जोरात येतं, वरून पंख दाबतो, तेव्हा त्या स्प्रिंगा दबतात आणि टायर डांबराला घट्ट धरतो. चाळीसच्या वेगात तेवढा भारच येत नाही. मग सस्पेन्शन दबत नाही, नुसतं आपटतं. पंखाचं तर बोलायलाच नको. इथे मोटरवेवरही सत्तरच्या वर जायची परवानगी नाही. माझ्यापुरता तो पंख म्हणजे वर्षभर धुवायची एक जास्तीची फळी.

आता टायर. कप-२ तापले की जादू, गार असले की लाकूड. शेफील्डमध्ये ऑक्टोबरनंतर ते तापणार कधी? त्यांच्या खाचाही उथळ, पाणी बाहेर फेकायला जागा कमी. नोव्हेंबरमध्ये स्नेक पासवरून लेडीबोवरच्या धरणाकडे उतरत होते, पाऊस चालू, वेग चाळीसच्या आसपास. झाडाखाली साचलेलं पाणी दिसलं तेव्हा उशीर झाला होता. मागचा भाग सुटला. म्हणजे खरोखर सुटला, पोटात खड्डा पडेपर्यंत. स्टिअरिंग उलटं फिरवलं ते मी की इलेक्ट्रॉनिक्सने सावरलं, आजही सांगता येत नाही. पुढच्या ले-बायमध्ये, म्हणजे कडेला थांबायच्या जागेत, थांबून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. रोज दुसऱ्यांच्या नाडीचे ठोके बघणारी मी, स्वतःचे मोजत.

त्यानंतर मला सवय लागली, गाडीच्या किल्लीआधी हवामानाचं अॅप उघडायची. पाऊस? नको. पाच अंश? नको. नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्ये, बॅटरीला चार्जर लावून, वर चादर. विमा चालू, टॅक्स चालू. नवरा एकदा म्हणाला, "बाप्पाला पण आपण दहा दिवसांनी विसर्जित करतो, हिला किती दिवस बसवणार?"

न्याय करायचा म्हणून मी दोन गोष्टी करून पाहिल्या. जीटी-४ ची चाकांची भूमिती, उंची, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा), सगळं बदलता येतं. एका जाणकार गॅरेजमध्ये रस्त्याचं सेटिंग करून घेतलं, मागचा बार मऊ केला. सुधारणा झाली, बारीकशी. मग शेवटच्या तीन महिन्यांसाठी कप-२ काढून साधे समर टायर घातले. ही मात्र मोठी गोष्ट निघाली. पावसाची भीती गेली, चरींमागे ओढणं कमी झालं, पहिल्या मैलापासून पकड मिळू लागली. ज्यांच्याकडे जीटी-४ आहे आणि विकायची नाही, त्यांनी आधी एवढं करावं. माझ्या अंदाजाने दोन गाड्यांतला निम्मा फरक टायरचा आहे. उरलेला निम्मा मात्र पैसे टाकून जात नाही. ती उंची, त्या स्प्रिंगा, आणि त्या बकेट सीट.

सीटबद्दल आईचं ऐका. ती सांगलीहून आली तेव्हा मँचेस्टर विमानतळावरून मी तिला जीटी-४ मध्ये आणलं. कार्बनची सीट, पाठ मागे-पुढे होत नाही, कडा गुडघ्याएवढ्या उंच. अडुसष्ट वर्षांची बाई साडी सावरत त्यात उतरली कशी ते तिलाच माहीत. वूडहेडच्या रस्त्याने ट्रकांच्या मागे येताना प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून "आई गं" येत होतं. घरी पोचल्यावर दोन्ही हात धरून बाहेर काढलं तेव्हा म्हणाली, "अगं, एवढे पैसे दिलेस, थोडे अजून देऊन गादी नाही का मिळाली?" तिला कसं सांगणार की गादी काढण्याचेच जास्तीचे पैसे दिले होते.

जीटीएस घेतल्यावर पहिला आठवडा मी खट्टू होते, हे कबूल करते. स्टिअरिंग जरा गुळमुळीत वाटलं. ब्रेकचं पेडल कमी दगडी. वळणात गाडी किंचित झुकते. मग तिसऱ्या शनिवारी, रिमझिम पावसात, सहज म्हणून स्ट्राइन्सला गेले आणि तिथे उमगलं की ते झुकणं म्हणजेच निरोप आहे. बाहेरच्या चाकावर वजन कधी आलं, किती आलं, टायरकडे अजून किती शिल्लक आहे, हे मला कंबरेतून कळत होतं, तेही पंचेचाळीसच्या वेगात. खोलगट भागात चाक खाली गेलं, स्प्रिंग दबली, वर आली, एकदाच. गाडी ठेच खाल्ल्यासारखी उडाली नाही. जीटी-४ हे सगळं सांगायला सुरुवात करते तोवर तुम्ही लायसन्स घालवण्याच्या वेगात पोचलेले असता. फेब्रुवारी २०२२ च्या वादळांनंतर स्नेक पास तीन ठिकाणी खचला होता. रस्ता उघडला तरी त्याचा पृष्ठभाग काही पूर्वीचा राहिलेला नाही. तिथे तर दोन गाड्यांत तुलनाच नको.

एक जुनी आठवण इथे सांगायला हवी. या दोघींच्या आधी पाच वर्षं माझ्याकडे माझदा एमएक्स-५ होती, दीड लिटरची, १३१ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आसपास. ती वळणात होडीसारखी कलायची, पण दुसरा गिअर रेडलाइनपर्यंत, आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत, ताणून तिसरा टाकायचा हा खेळ कायद्यात राहून दिवसभर खेळता यायचा. केमनच्या दोन्ही अवतारांत तो नाही. दुसरा गिअर जवळपास ताशी ८५ मैलांपर्यंत जातो. इथल्या दुपदरी रस्त्यावर कमाल मर्यादा ६०. म्हणजे इंजिनाचा सगळ्यात गोड आवाज, सहा हजार आरपीएमच्या वरचा, ऐकायचा तर पहिल्या गिअरमध्ये ऐका, नाहीतर गुन्हा करा. इतकं सुंदर इंजिन आणि गिअर इतके लांब, ही दोन्ही गाड्यांची सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि 'साधी' घेऊन ती सुटत नाही. भाच्या, नीट वाच: जीटीएससुद्धा रस्त्याला जास्तच आहे. फक्त जीटी-४ पेक्षा कमी जास्त.

ट्रॅकचा दिवस राहिला. डॉनिंग्टन पार्कला दोन्ही नेल्या. क्रेनर कर्व्ह्जच्या उतारावर जीटी-४ अशी जाते, जणू कोणी वरून हात ठेवून दाबून धरलंय. ब्रेक दिवसभर तसेच. त्या दिवशी मला वाटलं, हिला मी घरी नेऊन दर आठवड्याला किती छळते! जीटीएसमध्ये पाचव्या-सहाव्या फेरीत ब्रेकचं पेडल खोल जाऊ लागलं, पुढचे टायर ओरडू लागले, दोन फेऱ्या हळू मारून गार करावी लागली. तिथे ती मागे पडते, यात वादच नाही. ज्याचे वर्षाला आठ-दहा ट्रॅक डे होतात त्याने हे वाचणं इथेच सोडावं आणि जीटी-४ घ्यावी. माझे चौदा महिन्यांत दोन झाले. (ट्रॅकसाठी विमा वेगळा घ्यावा लागतो, नेहमीचा चालत नाही, हे नवख्यांनी आधी बघून ठेवा.)

जीटीएसच्या किरकोळ कुरबुरी. सावकाश चालवताना इंजिन तीन-तीन सिलिंडरचा एकेक गट आलटून पालटून बंद ठेवतं, तेव्हा आवाज सर्दी झाल्यासारखा होतो. स्पोर्टचं बटण दाबलं की जातो, म्हणून मी गाडी सुरू केल्यावर आधी तेच दाबते. एक्झॉस्टमधल्या फिल्टरमुळे आवाज बाहेर तसाही दबलेलाच, त्याला इलाज नाही. मोटरवेवर मागच्या टायरांची घरघर दोन तासांनी डोकं उठवते. कप ठेवायची जागा डॅशमधून अशी निघते की चहाच्या कपाला मी अजून तिच्यावर सोडलेलं नाही. गॅरेजमध्ये नऊ महिन्यांत एकदाच गेली, नेहमीच्या सर्व्हिसिंगला.

पुण्यासाठी म्हणशील तर, तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर मला चांगला आठवतो. माझ्या जीटी-४ मध्ये पुढचं टोक उचलायची सोय नव्हती. पुढचं तूच समज. आणि ताम्हिणीतून जुलैमध्ये जायचं असेल तर कप-२ चा विचारसुद्धा करू नकोस.

आई पुढच्या महिन्यात परत येतेय, नोव्हेंबरमध्ये. फोनवर तिने पहिला प्रश्न गाडीचाच विचारला. काल गॅरेजमध्ये माप घेऊन पाहिलं: तिची छोटी बॅग पुढे बॉनेटखाली, मोठी मागच्या डिकीत आडवी, लोणच्याची बरणी तिच्या पायाशी. या वेळी वूडहेडने नाही, स्नेक पासवरून आणणार आहे.