लॅपटॉप लवकर सुरू करून देतो म्हणाला…

ऐन लग्नसराईत माझा लॅपटॉप सुरू व्हायला सहा-सात मिनिटं घ्यायला लागला. मी घरीच डीटीपीची कामं करते. पत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कधी एखादी स्मरणिका. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, तो पिऊनही व्हायचा, तरी स्क्रीनवर गोल फिरतंच आहे. शेवटी मोबाइलवर ‘लॅपटॉप स्लो कस्टमर केअर’ असं शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. ती जाहिरात होती. वर बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं, मी वाचलं नाही.

पलीकडचा माणूस हिंदीत, फार अदबीनं बोलला. एक अॅप टाकायला लावलं, त्यातले आकडे विचारून घेतले आणि माझ्या स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागला. त्यानं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली. ‘मॅडम, ये सब इन्फेक्शन है.’ मग एक काळी खिडकी उघडली. त्यात फाइलींची नावं धो धो वाहून गेली आणि शेवटी व्हायरस सापडल्याची इंग्रजी ओळ उमटली. उमटताना एक अक्षर चुकलं, पुसलं गेलं, पुन्हा नीट आलं. रोज प्रुफं तपासणारी बाई मी! मशीन कधी स्वतःचं स्पेलिंग खोडतं का? पण डोक्यात अडकलेल्या तीन पत्रिका होत्या.

३,९९९ रुपये यूपीआयनं दिले. पैसे कुणा भलत्याच व्यक्तीच्या नावावर जात होते. विचारलं तर म्हणे, ‘अकाउंट डिपार्टमेंट के सर हैं.’

दहा मिनिटं त्याची खटपट चालली आणि मग लॅपटॉप खरंच दोन मिनिटांत सुरू झाला. मी त्याचे आभार मानले, हेही सांगून टाकते. संध्याकाळी पत्रिका उघडली तर मराठी उमटेना, कुठलीही कळ दाबा, इंग्रजीच. प्रिंटरही मुका. पुन्हा त्यालाच फोन केला. ‘ये अलग प्रॉब्लेम है,’ म्हणून आणखी १,५०० घेतले. प्रिंटर चालू झाला, टायपिंगसाठी मात्र ‘सॉफ्टवेअर पुराना है’.

रविवारी पुण्याहून भाचा आला. त्यानं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि स्टार्टअप हा भाग दाखवला. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमांची ही यादी. लॉकडाउनमध्ये टाकलेली मीटिंगची दोन अॅपं, गाण्यांचं एक, जुन्या प्रिंटरचं काहीतरी, असे सगळे तिथं ठाण मांडून. शेजारच्या रकान्यात कोण किती भार टाकतो तेही लिहिलेलं. नको त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करायचं, एवढंच. प्रोग्रॅम जात नाही, आपण उघडला की उघडतो. चूक झाली तर तिथंच एनेबल.

त्या माणसानं सरसकट सगळंच डिसेबल केलं होतं, माझ्या मराठी टायपिंगचा प्रोग्रॅमसुद्धा. शिवाय एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत जाऊन सर्व्हिसेसवरच्या, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या कामांवरच्या, खुणा काढल्या होत्या, त्यात छपाईची प्रिंट स्पूलर गेली. तिथं जायचंच असेल तर आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करायची म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसना धक्का लागत नाही. म्हणजे बिघाड त्यानंच केला आणि दुरुस्तीचे पैसेही त्यानंच घेतले.

‘मावशी, हे बघ,’ म्हणून भाच्यानं यादीतल्या एकमेव चालू नावावर बोट ठेवलं. ते त्या माणसानं टाकायला लावलेलं अॅप होतं. बाकी सगळे बंद, आणि हा तेवढा रोज माझ्याबरोबर उठत होता! आत पासवर्डही त्यानंच ठेवलेला, म्हणजे मला न विचारता केव्हाही यायची सोय. ते काढून टाकलं आणि ईमेलचे, बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले.

लाल खुणांचं म्हणाल तर त्या धडधाकट लॅपटॉपमध्येही असतात. भाच्यानं स्वतःचा उघडून दाखवला, त्यात माझ्यापेक्षा जास्त निघाल्या. २०१६ साली मीरा रोडच्या कॉल सेंटरवर ठाणे पोलिसांनी धाडी घातल्या होत्या. तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावानं फोनवर धमकावून लुटायचे. ते वाचून ‘हे गोरे इतके भाबडे कसे’ म्हणून मी हसले होते. मला तर कुणी धमकावलंही नव्हतं, फोन मीच लावला होता.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली. त्यांनी व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ विचारली. पैसे दिल्याला तोवर चार दिवस झाले होते आणि ते त्या खात्यातून पुढे गेलेले. असं काही झालं तर त्याच तासाला फोन करा, माझ्यासारखी रविवारची वाट बघू नका. तक्रारीचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, गॅसच्या नंबराशेजारी.